अहो आणि अहोय

चेक भाषेत मी सगळ्यात आधी शिकले तो शब्द म्हणजे 'अहोय'. भेटल्यावर 'अहोय', निघताना 'अहोय'. मराठी कानाला हा शब्द किती अदबशीर वाटतो! आई बाबांना हाक मारते, 'अहो'. दुकानदाराला 'अहो', सरांना 'अहो'. त्यामुळे भाषावर्गाच्या दुसऱ्याच दिवशी साठीच्या घरातल्या आमच्या बाई जिन्यात दिसल्या, तेव्हा मी मान किंचित लववून, शक्य तितक्या नम्रपणे म्हणाले, "अहोय!"

बाई थांबल्या. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागल्या. मग वर्गात त्यांनी सगळ्यांना समजावलं. 'अहोय' फक्त त्याला म्हणायचं, ज्याला तुम्ही 'तू' म्हणता. मित्राला, भावंडाला, कुत्र्याला. बाईंना 'दोब्री देन', म्हणजे शुभ दिवस.

म्हणजे मी बाईंना 'काय गं, कशी आहेस?' म्हणाले होते.

नंतर कळलं की हा शब्द मुळात खलाशांचा आहे. जहाजावरून जहाजाला घालायची साद. आणि तो रोज उठून म्हणतात कोण, तर ज्यांच्या देशाला समुद्रच नाही ते लोक. शेक्सपिअरने एका नाटकात बोहेमियाला, म्हणजे आजच्या चेकियाच्या मोठ्या भागाला, समुद्रकिनारा देऊन टाकलाय. माझीही चूक तीच. मी दहावीला होते २०२० मध्ये. लॉकडाऊनमुळे आमच्या बॅचचा भूगोलाचा पेपर रद्द झाला होता. भूगोल न देता पास झालेली मुलगी थेट भूगोलात जाऊन पडली, असं आमचे एक मास्तर अजून म्हणतात.

*

मी रेवदंड्याची. अलिबागहून मुरुडकडे निघालात की चौल लागतं, मग रेवदंडा, मग खाडीवरचा पूल, आणि पलीकडे कोर्लईचा डोंगर. आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. होती म्हणावं की आहे म्हणावं, यावर घरात अजून एकमत नाही.

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. दुपारी काही तासांत वाडीतली निम्म्याहून जास्त झाडं आडवी झाली. सुपारी लावली की फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. पंचनामा झाला, थोडी भरपाई मिळाली. पण पंचनाम्यात झाडं मोजतात, वर्षं मोजत नाहीत. बाबा त्या संध्याकाळी वाडीत नुसते उभे होते. आजी म्हणाली, "पोरीचं शिक्षण वाडीवर अवलंबून ठेवू नका आता."

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात होते. विज्ञान आवडायचं, त्यातही रसायन. ऑक्सिडीकरण, क्षपण, क्षरण, संयुजा, धनाग्र, ऋणाग्र. मग अकरावीला अलिबागला गेले आणि एका उन्हाळ्यात सगळे शब्द बदलले. वर्गात प्रश्नाचं उत्तर यायचं, पण ते इंग्रजीत बांधून होईपर्यंत दुसऱ्या कुणीतरी देऊन टाकलेलं असायचं. बारावी झाली, बी.एस्सी.चं पहिलं वर्ष झालं. मार्क बरे होते, पण मी वर्गात न बोलणारी मुलगी झाले होते.

तेव्हा कुणाच्या तरी व्हिडिओत ऐकलं की चेकियातल्या सरकारी विद्यापीठांत चेक भाषेत शिकलात, तर शिक्षणाला फी नाही. परदेशी विद्यार्थ्यांनासुद्धा नाही. इंग्रजीतून शिकलात तर फी. आधी वर्षभर भाषा शिकायची, बी-टू पातळीची परीक्षा द्यायची, मग प्रवेश परीक्षा. मी शोध घेतला. खरं होतं.

माझा हिशेब सरळ होता. परकी भाषाच शिकायची आहे, तर मग इंग्रजीच का? इंग्रजीत मी सगळ्यांच्या मागे होते. चेकमध्ये निदान सगळ्या परदेशी पोरांबरोबर शून्यावरून सुरुवात.

तयारीचं वर्ष मात्र फुकट नसतं आणि प्रागमध्ये राहणं-खाणंही नसतं. घरावर साडेसात लाखांचं कर्ज काढलं. बाबांनी कागदांवर सह्या केल्या आणि विचारलं, "तिकडे मासे मिळतात का गो?" मी म्हटलं, मिळतात. ख्रिसमसला घरोघरी कार्प हा तळ्यातला मासा खातात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

*

तयारीचं वर्ष हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मजेचं वर्ष होतं, कारण त्या वर्षी मराठीनं माझी पाठ राखली.

उच्चारांपासून बघा. चेकमध्ये 'च' दोन. एक 'चहा'मधला, एक 'चमचा'मधला. वर्गातले बाकीचे दुसऱ्या 'च'शी झटत होते, मला तो आईच्या दुधाबरोबर मिळालेला. त्यांचा 'ह' आपल्यासारखाच घोष, छातीतून येणारा. स्वर ऱ्हस्व की दीर्घ यावरून अर्थ बदलतो, हे मराठी पोरीला कुणी वेगळं सांगायला नको. शुद्धलेखनाच्या वहीत किती लाल रेघा खाल्ल्या आहेत!

लिंगं तीन. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. आणि भूतकाळात बोलणारा पुरुष की बाई हे क्रियापदावरून कळतं. मी 'आले' आणि मी 'आलो' यात इंग्रजी फरक करत नाही, चेक करते. 'तू' आणि 'तुम्ही' यांतला फरकही आहे, आणि तो चुकला तर इथेही लोकांच्या भुवया वर जातात. 'अहोय' प्रकरण आठवा.

आकडे ऐकून तर मी उडालेच. पंचवीस म्हणजे 'पाच आणि वीस', हे ते लोकही म्हणतात. 'पेताद्वात्सेत'. 'वीस-पाच' असंही चालतं, पण म्हातारी माणसं बऱ्याचदा पाच आधी म्हणतात.

मग शब्द. धूर म्हणजे 'दीम', आपला धूम. दिवस म्हणजे 'देन'. हिवाळा म्हणजे 'झिमा', आणि तो नात्याने आपल्या 'हिम'चा. लांडगा म्हणजे 'व्ल्क', संस्कृतातला वृक. विज्ञानाला ते म्हणतात 'व्येदा'. वेद! शाळेत 'ऋ'चा उच्चार रु की रि यावर भांडायचो. इथे शब्दच्या शब्द स्वराशिवाय, नुसत्या 'र्'वर उभे असतात. बोट म्हणजे 'प्र्स्त', मान म्हणजे 'क्र्क'. 'ऋ' कसा उच्चारत असतील याचा अंदाज मला प्रागच्या ट्रॅममध्ये आला.

विभक्तींचं तर विचारू नका. तिकडेही विभक्तींना नंबर आहेत, पहिली ते सातवी. मला वाटलं, जिंकलो. स-ला-ते पाठ आहेच. पण नंबर वेगळे! आपली चतुर्थी ती त्यांची तिसरी. आपली षष्ठी ती त्यांची दुसरी. आपली सप्तमी त्यांची सहावी. आणि सातवी म्हणजे आपली तृतीया. चाळीतल्या सगळ्या बिऱ्हाडांनी खोल्या अदलाबदल कराव्यात तसं. वर आणखी एक गंमत. दोन, तीन, चार सफरचंदांपर्यंत ठीक. पाच झाली की षष्ठी लागते, 'सफरचंदांची पाच'.

नडला तो एकच आवाज. 'र' आणि 'झ' एकाच वेळी, एकाच जिभेवर. आकडा तीन त्याच आवाजाने उच्चारायचा. मी कॅन्टीनमध्ये तीनऐवजी दोन किंवा चार पोळ्या मागायचे, आणि चारमध्येही तोच आवाज असल्यामुळे शेवटी दोनच.

बी-टू परीक्षा पास झाले. प्रवेश परीक्षा पास झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्गात बसले. मला वाटत होतं, अवघड भाग संपला.

*

पहिल्या तासाला मला जेमतेम तिसरा हिस्सा कळला.

एक तर वर्गात शिकवलेली चेक आणि प्रागच्या पोरांची चेक वेगळी. खिडकी पुस्तकात 'ओक्नो', पोरांच्या तोंडी 'वोक्नो'. चांगला पुस्तकात 'दोब्री', तोंडी 'दोब्रेय'. आपल्याकडे 'ओळख'ची 'वळख' होते, तसंच. मीही घरी पुस्तकी मराठी बोलत नाही. पण त्या 'वोक्नो'वर मी अडायचे आणि तेवढ्यात सरांची तीन वाक्यं पुढे गेलेली असायची.

दुसरं म्हणजे संयुगांची नावं. इंग्रजीत ऑक्सिजन, हायड्रोजन, नायट्रोजन. चेकमध्ये 'किस्लीक', म्हणजे आंबट करणारा. 'वोदीक', 'वोदा' म्हणजे पाणी त्यावरून. 'दुसीक', जीव गुदमरवणारा. धातूची संयुजा शब्दाच्या शेपटीवरून कळते. एकपासून आठपर्यंत आठ शेपट्या. लोखंडाची संयुजा दोन असेल तर 'झेलेझ्नती', तीन असेल तर 'झेलेझिती'. इंग्रजीत कंसात रोमन आकडा लिहून मोकळं होता येतं. इथे एक अक्षर चुकलं की पदार्थच बदलतो.

या नावांचा इतिहास नंतर वाचला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रागमध्ये शिकलेला माणूस जर्मन बोलायचा, चेक ही गड्यांची आणि स्वयंपाकघराची भाषा होती. तेव्हा योसेफ युंगमानने १८३४ ते १८३९ मध्ये पाच खंडांचा चेक-जर्मन कोश काढला. यान स्वातोप्लुक प्रेस्ल आणि त्याच्या काळच्या लोकांनी मूलद्रव्यांना, झाडांना, प्राण्यांना चेक नावं घडवली. लोक हसलेही असतील. १३४८ मध्ये स्थापन झालेल्या प्रागच्या विद्यापीठाचे १८८२ मध्ये दोन भाग झाले, एक जर्मन आणि एक चेक. १९५९ मध्ये यारोस्लाव हेरोव्स्कीला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते प्रागमध्येच संशोधन करणाऱ्या माणसाला.

चेक बोलणारे लोक साधारण एक कोटी. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींहून जास्त. आणि शब्द घडवायचं काम आपल्याकडे काही कमी जुनं नाही. शिवाजी महाराजांच्या काळात फारसी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश झाला, तो ज्या रायगडाच्या राज्यासाठी झाला त्या गडाचं नाव माझ्या जिल्ह्याला आहे. तरी मी क्षरण, संयुजा, धनाग्र हे शब्द सोळाव्या वर्षी कपाटात ठेवून दिले. हे वाचताना मला राग आला की वाईट वाटलं, सांगता येत नाही. पण तो विचार करायला वेळ नव्हता. जानेवारी जवळ येत होता.

*

इथे सत्र संपलं की 'झ्कोउश्कोव्हे' सुरू होतं, परीक्षांचा काळ. जानेवारी ते फेब्रुवारी. माझी मुख्य परीक्षा तोंडी होती. चिठ्ठी उचलायची, त्यावरचा प्रश्न घेऊन एका टेबलाशी बसून तयारी करायची, मग परीक्षकांसमोर बोलायचं. त्या तयारीच्या जागेला पोरं 'पोतीत्को' म्हणतात. घाम गाळायची जागा.

एका विषयाला तीन संधी. पहिली आणि पुढच्या दोन. तिसरीतही गेलं, तर माझ्या बाबतीत पहिलं वर्षच धोक्यात होतं. आणि माझा इथे राहण्याचा परवाना शिक्षणावर अवलंबून होता.

पहिल्या वेळी चिठ्ठीत कार्बनचे ऑक्साइड आले. मला सगळं येत होतं. पण बोलताना शेपटी चुकली. वर्गातली हवा खेळती ठेवली नाही तर माणसांच्या उच्छ्वासातून जो वायू साठतो, त्याला मी 'उहेल्नती' म्हणाले, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. परीक्षक गमतीने म्हणाले, "म्हणजे तुम्ही आत्ता सगळ्यांना मारलंत." ते हसले. मी हसले नाही. त्यानंतर त्यांनी जे जे विचारलं त्याला मी 'आनो' म्हणत गेले. आनो म्हणजे हो. समजलं का? आनो. म्हणजे हे असं होईल का? आनो. ते मुद्दाम चुकीचं विचारत होते, मी सुधारावं म्हणून. मी आनो म्हणत राहिले.

चार. इथे एक सगळ्यात चांगला आणि चार म्हणजे नापास.

दुसऱ्या वेळी मी उत्तरं पाठ करून गेले. पानंच्या पानं. परीक्षकांनी मधेच साधा प्रश्न विचारला आणि माझी पाठ केलेली साखळी तुटली. मी गप्प झाले. त्यांनी प्रश्न सोपा केला. मी गप्पच. पुन्हा चार.

त्या संध्याकाळी घरून व्हिडिओ कॉल आला. इथे पाच वाजले होते, अंधार पडला होता. तिकडे साडेनऊ. आईने विचारलं, "पेपर कसे गेले?" मी म्हणाले, "मस्त." "जेवलीस का गो?" "हो." मागे बाबा दिसत होते, नव्या सुपारीच्या रोपांसाठी पिशव्या भरत. मी म्हणाले, "कोलेयमध्ये गडबड आहे, नंतर बोलते." कोलेय म्हणजे वसतिगृह. आईला अजून वाटतं मी कॉलेजातच राहते.

फोन ठेवला आणि मला माझ्या वर्गातली ती मुलगी आठवली.

*

रेवदंड्याच्या शाळेत खाडीपलीकडून, कोर्लईहून मुलं यायची. कोर्लईत काही ख्रिस्ती कुटुंबं घरात एक वेगळीच भाषा बोलतात. पोर्तुगीज चौल-रेवदंड्यात १७४० पर्यंत होते. ते गेले, त्यांच्या पोर्तुगीजचं मराठीशी लग्न लागून झालेली ही भाषा मागे राहिली. ते तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. ती बोलणारे हजाराच्या आसपास. जगभरातले भाषाअभ्यासक त्या एका गावासाठी येतात. आम्हाला पाच किलोमीटरवर राहून त्याचं काही नव्हतं.

ती मुलगी पाचवीत आमच्या वर्गात आली. एकदा बाईंनी विचारलं, वही कुठे आहे? ती म्हणाली, "माझा वही घरी राहिला." आम्ही हसलो. मी तर सगळ्यात मोठ्याने. पुढे वर्षभर कुणीही वही काढली की कुणीतरी म्हणायचं, 'माझा वही'. मी पण. ती हळूहळू वर्गात बोलेनाशी झाली. बाई म्हणायच्या, "हिला काही येत नाही." गणितात मात्र तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क पडायचे, हे आत्ता आठवतंय.

प्रागमधल्या माझ्या पहिल्या महिन्यात वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात मी म्हणाले होते, 'मूय क्निहा'. माझा पुस्तक. चेकमध्ये पुस्तक स्त्रीलिंगी. दोन मुली एकमेकींकडे बघून हसल्या. वाईट हेतूने नाही. आम्ही तरी कुठे वाईट हेतूने हसलो होतो?

ती मुलगी गप्प झाली तेव्हा तिच्या डोक्यात काय चाललं असेल, ते मला दोनदा नापास झाल्यावर कळलं. उत्तर आत तयार असतं. दारापर्यंत येतं. दाराशी लिंग, विभक्ती, शेपटी असे तीन वॉचमन उभे असतात. तेवढ्यात प्रश्न विचारणाऱ्याने ठरवून टाकलेलं असतं की घरात कुणी नाही.

रेवदंड्यात अफनासी निकितीनचं स्मारक आहे. हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात, वास्को द गामाच्याही आधी, घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला. शाळेत असताना आम्ही त्याच्याविषयी एवढंच पाठ केलं होतं. आता त्या रात्री मी त्याच्याबद्दल वाचत बसले. वाटेत लुटारूंनी त्याची पुस्तकं नेली, त्यामुळे त्याला आपल्या सणांच्या तारखाही लागेनात. चौलला लोक त्याच्या गोऱ्या रंगाकडे पाहत मागे मागे फिरायचे. त्याच्या प्रवासवर्णनात मध्येच रशियन सुटते आणि तुर्की, फारसी, अरबी शब्दांची खिचडी सुरू होते. परतीच्या वाटेवर, घरी पोचण्याआधीच तो वारला. पाचशेहून जास्त वर्षांपूर्वी एक स्लाव्ह भाषा बोलणारा माणूस माझ्या गावात भाषा न कळता उभा होता. आता मी त्याच्या भाषेच्या बहिणीसमोर उभी होते.

आणि मी काही एकटी नव्हते. हिंदी लेखक निर्मल वर्मा १९५९ मध्ये प्रागला आले, चेक शिकले आणि चेकमधून थेट हिंदीत अनुवाद केले. १९६१ ते १९७४ या काळात तर प्रागमध्ये नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी एक वेगळं विद्यापीठच होतं. त्यातली किती पोरं 'आनो, आनो' म्हणत बसली असतील!

*

तिसऱ्या परीक्षेला सोळा दिवस होते. मी तीन गोष्टी केल्या. सांगते, कुणाला उपयोग झाला तर.

पहिली. पाठांतर बंद केलं. प्रत्येक प्रश्न आधी मराठीत समजावून सांगायचा. कुणाला? बाबांना. दुसऱ्या दिवशी फोन करून खरं सांगून टाकलं, दोनदा नापास झालेय. बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणखी एकदा देता येते ना? मग सांग काय अडलंय." बाबा नववीपर्यंत शिकलेत. मी त्यांना रोज अर्धा तास रसायन शिकवायला लागले, दहावीच्या पुस्तकातल्या शब्दांत. कपाटातले शब्द बाहेर आले. जिथे बाबा म्हणायचे "म्हणजे?", तिथे मलाच कळलेलं नसायचं.

दुसरी. वर्गातल्या एका चेक मुलीला विचारलं, रोज एक तास माझं ऐकशील का? बदल्यात मी तिचं गणित करून देईन. तिला सांगितलं, मी चुकले की लगेच सुधारू नकोस, वाक्य संपू दे. तिने सगळ्यात जास्त काय शिकवलं असेल, तर छोटी वाक्यं. "हे असं आहे. कारण हे. म्हणून ते."

तिसरी. एक शब्द आरशासमोर शंभर वेळा म्हटला. 'नेरोझुमीम'. मला समजलं नाही. 'रोझुम' म्हणजे अक्कल, समज. इतके महिने मला वाटायचं की तो शब्द उच्चारला तर मी जाहीरच करतेय की मला अक्कल नाही.

गंजाबद्दल बाबांना सांगत होते तेव्हाची गोष्ट. लोखंड हवेतल्या ऑक्सिजनशी आणि पाण्याशी संयोग पावतं, खाऱ्या हवेत लवकर. आमच्या खिडक्यांचे गज दर दोन वर्षांनी खाल्ले जातात, हे त्यांना सांगायला नको. मी म्हटलं, लोखंडाला जस्त जोडलं तर आधी जस्त झिजतं, कारण ते इलेक्ट्रॉन सहज सोडतं. लोखंड वाचतं.

बाबा म्हणाले, "होडीच्या पंख्यापाशी जस्ताची वडी मारतात, ती?"

"तीच."

"ती दर मोसमाला बदलावी लागते," बाबा म्हणाले. "वडी गेली तरी चालेल, पंखा टिकला पाहिजे."

चेक पुस्तकात तिला 'ओब्येतोवाना आनोदा' म्हणतात. बळी दिलेलं धनाग्र. मी बाबांना तो शब्द सांगितला. मागे आई रोपांना पाणी घालत होती. कुणी काही बोललं नाही.

*

फेब्रुवारीतली सकाळ. उणे सहा. चिठ्ठी उचलली. 'विद्युतघट आणि क्षरण.' मनात मी हेच शब्द वाचले, मराठीत.

परीक्षकांसमोर बसले आणि पहिलं वाक्य हे म्हणाले, "मी हळू बोलेन. समजलं नाही तर सांगेन." त्यांनी मान हलवली. मग मी विद्युतघट काढला, बाण काढले, शेपट्या सांभाळत 'झेलेझ्नती'पासून 'झेलेझिती'पर्यंत गेले. मध्ये त्यांनी काहीतरी लांबलचक विचारलं.

"नेरोझुमीम," मी म्हणाले.

काही झालं नाही. छत पडलं नाही. त्यांनी तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला. गंज थांबवायचे उपाय. मी जस्ताचं सांगितलं. त्यांनी उदाहरण मागितलं. मी सांगितलं की आमच्या गावी खाडीत होड्या असतात, पंख्याजवळ जस्ताचा तुकडा लावतात, दर मोसमाला तो झिजून जातो. पंख्याला चेकमध्ये काय म्हणतात ते मला आठवेना. मी हाताने गोल गोल फिरवून दाखवलं. त्यांनी शब्द दिला. मी तो पुढच्या वाक्यात वापरला, बहुतेक चुकीच्या विभक्तीत. त्यांनी विचारलं, समुद्र किती लांब आहे तुमच्या घरापासून? मी म्हणाले, भरतीला ऐकू येतो.

तीन. 'दोब्रझे'. शब्दाचा अर्थ 'चांगलं', पण पास होण्याची ही सगळ्यात खालची पायरी. चेक लोकांची गंमत. मी बाहेर येऊन बाबांना मेसेज केला, "चांगलं मिळालं." खोटं नव्हतं.

आता मी दुसऱ्या वर्षात आहे. अजूनही व्याख्यानातला काही भाग निसटतो. अजूनही तीनऐवजी दोनच मागते कधीकधी. पण वर्गात हात वर करते. आणि या वर्षी पहिल्या वर्षाला आलेला एक व्हिएतनामी मुलगा प्रयोगशाळेत शेपटी चुकला, तेव्हा आजूबाजूला हसू फुटायच्या आत मी त्याला म्हटलं, "वाक्य पूर्ण कर."

परीक्षा झाली त्या आठवड्यात मी इन्स्टाग्रामवर कोर्लईच्या त्या मुलीला शोधलं. सापडली. मुंबईत नर्सिंग शिकतेय. मी बराच वेळ काय लिहावं ते ठरवत होते. शेवटी लिहिलं, "पाचवीत मी तुझ्या वहीवरून हसायचे. सॉरी. तुमच्या भाषेत 'मला समजलं नाही' कसं म्हणतात?"

तीन दिवस उत्तर नाही. मग अकरा सेकंदांचा व्हॉइस मेसेज आला. आधी ती हसली. मग ते वाक्य हळू, दोनदा म्हटलं, शेवटी मराठीत, "आता तू म्हणून पाठव. चुकलं तर मी हसणार आहे."

पाठवलं. हसलीच.